लोअरिंग स्प्रिंग आणि मूळ शॉकअप: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं गाडीची उंची कमी करायला मूळ शॉकअप तसेच ठेवून फक्त स्प्रिंग बदलू पाहणाऱ्यांसाठी आहेत. कॉइलओव्हर आणि एअर सस्पेन्शन हे वेगळे विषय आहेत. आकडे दिलेत ते लहान हॅचबॅक आणि सेदानला धरून, म्हणजे पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) आणि मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) असलेल्या गाड्यांचे.

१. लोअरिंग स्प्रिंग म्हणजे फक्त आखूड स्प्रिंगच ना?

आखूड असते, पण मूळ स्प्रिंगपेक्षा कडकही असते, आणि महत्त्व त्या कडकपणाला जास्त आहे. गाडी खाली बसली की चाकाला वर यायला जागा कमी उरते. तेवढ्यात तोच खड्डा झेलायचा तर स्प्रिंगने जास्त जोर लावला पाहिजे. म्हणून तार जाड घेतात किंवा वेढे कमी करतात. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. बाकी सगळं तेच ठेवून १२ मिमीऐवजी १३ मिमी तार घेतली, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. एवढा फरक दुकानात हातात धरून कळत नाही, म्हणून कडकपणाचा आकडा मागायचाच.

२. गाडी खाली केली की शॉकअप जातातच, असं सगळे गॅरेजवाले सांगतात. खरं आहे का?

अर्धं खरं. शॉकअपला गाडीची उंची कळत नाही. तो मरतो दोन कारणांनी.

पहिलं कारण, रॉडला आत जायला जागा न उरणं. समजा, गाडी उभी असताना शॉकअपच्या तोंडापासून बंप स्टॉपपर्यंत (रॉडला शेवटी अडवणारा रबर किंवा फोमचा ठोकळा) ७० मिमी उघडा रॉड आहे. गाडी ३० मिमी खाली आणली की ४० उरतो. आता हिशेब बघा. उभ्या स्थितीपासून पुढे स्प्रिंग किती धक्का पचवते ते अंतराच्या वर्गावर ठरतं. ७० मिमीत पचणारा धक्का ४० मिमीत पचवायचा तर स्प्रिंग तिप्पट कडक हवी (शॉकअपचा वाटा बाजूला ठेवून). तिप्पट कडक स्प्रिंग रस्त्यावरच्या गाडीला कोणी देत नाही. उरलेला धक्का बंप स्टॉपवर जातो, आणि बंप स्टॉप काढलेला किंवा जास्त कापलेला असेल तर थेट शॉकअपच्या आत. पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह फुटतो. हा बिघाड बाहेरून दिसत नाही. तेलाचा थेंबही नसतो, फक्त गाडी डोलायला लागते.

दुसरं कारण, स्प्रिंग शॉकअपला न आवरणं. दाबलेली कडक स्प्रिंग जास्त जोराने उसळते आणि ती उसळी धरणं हे शॉकअपचंच काम. त्याबद्दल प्रश्न ५ मध्ये.

३. मग किती मिमी खाली घ्यावी?

मूळ शॉकअपवर २५ ते ३० मिमी, तेही शॉकअप धड असतील तर. ४० मिमीची स्प्रिंग घ्यायचीच असेल तर सोबत आखूड शॉकअपचे पैसे बाजूला काढा. ५० आणि ६० मिमीच्या स्प्रिंगा मूळ शॉकअपवर चढवणं म्हणजे बंप स्टॉपवर गाडी चालवणं.

मागच्या बाजूला हिशेब आणखी घट्ट असतो, कारण मागे वजन बदलत राहतं. मागे दोन माणसं आणि सामान मिळून मागच्या ॲक्सलवर १६० किलो वाढले, म्हणजे एका चाकावर ८० किलो. चाकाशी कडकपणा मिमीला २.२ किलो असेल तर गाडी ३६ मिमी खाली बसते. २५ टक्के कडक स्प्रिंगवर हाच भार २९ मिमी खाली नेतो. म्हणजे ३० मिमी लोअर केलेली गाडी चौघांना घेऊन रामटेकला निघाली की मूळ उंचीपासून ५९ मिमी खाली असते. प्रश्न २ मधल्या ७० मिमीतून ५९ गेले, हातात राहिले ११. पहिल्याच गतिरोधकावर बंप स्टॉप लागणार.

४. माझ्या गाडीत नेमकी किती जागा आहे, ते घरी मोजता येते का?

येतं. स्प्रिंग विकत घेण्याआधी हे एवढं कराच. साहित्य: प्लास्टिकच्या चार केबल टाय, टेप, टॉर्च.

गाडी सपाट जागी, टाकी अर्धी भरून उभी करा. शॉकअपवरचं रबरी धूळकव्हर वर सरकवा. पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवलं की हात जातो. चकचकीत रॉडभोवती केबल टाय आवळा: हाताने सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतपत. शेपूट कापा आणि टाय खाली शॉकअपच्या तोंडाला टेकवा. तोंडापासून बंप स्टॉपच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा.

आता आठवडाभर नेहमीच्या रस्त्यांवर चालवा, एकदा तरी पूर्ण माणसं भरून. प्रत्येक धक्क्याला शॉकअपचं तोंड टायला वर ढकलतं आणि टाय सर्वांत मोठ्या धक्क्याच्या जागी थांबते. गाडी रिकामी करून तोंड ते टाय मोजा: हे वापरलेलं अंतर. टाय ते बंप स्टॉप: ही उरलेली जागा.

उदाहरण: एकूण ७०, वापरलं ४५, उरलं २५. स्प्रिंग २५ टक्के कडक घेतली तर तोच धक्का ४५ ऐवजी साधारण ४० मिमीत थांबतो. ३० मिमी खाली आणल्यावर तुमच्याकडे बरोबर ४० उरतात. जेमतेम जमतं. टाय आधीच बंप स्टॉपला जाऊन भिडली असेल, तर मूळ उंचीवरच जागा संपते आहे. अशा गाडीला मूळ शॉकअपवर लोअर करू नका.

धूळकव्हर पुन्हा नीट बसवायला विसरू नका. उघड्या रॉडवरची धूळ सीलला घासून काढते.

५. कडकपणा किती टक्के वाढलेला चालतो?

३० टक्क्यांपर्यंत. स्प्रिंग कडक झाली की लागणारं डॅम्पिंग (उसळी आवरायची शॉकअपची ताकद) त्याच टक्क्यांनी वाढत नाही, वर्गमुळाने वाढतं. २० टक्के कडक स्प्रिंगला सुमारे १० टक्के जास्त डॅम्पिंग लागतं, ३० टक्क्यांना १४, आणि ५० टक्क्यांना २२. नवा कंपनीचा शॉकअप १० ते १५ टक्क्यांची तूट निभावून नेतो. त्यापुढे गतिरोधक उतरल्यावर गाडी एकदा खाली-वर होऊन थांबायच्या ऐवजी दोनदा-तीनदा उसळते.

शहरात हे पटकन जाणवत नाही. शिवमडक्याहून समृद्धीला लागलात आणि १२० च्या वेगाने पुलाचा सांधा आला की जाणवतं: मागचा भाग होडीसारखा तरंगतो.

६. लिनियर घेऊ की प्रोग्रेसिव्ह?

मूळ शॉकअपवर प्रोग्रेसिव्ह. तिचे काही वेढे जवळजवळ असतात. ते आधी मिटतात आणि मग कडक भाग कामाला लागतो. साध्या रस्त्यावर शॉकअपवर ताण कमी, खोल खड्ड्यात आधार जास्त. लिनियर स्प्रिंग ट्रॅकवाल्यांना आवडते कारण ती सगळीकडे सारखी वागते, पण तिच्यासोबत जुळवलेला शॉकअप लागतो.

उभ्या गाडीत जवळचे वेढे मिटलेले दिसले तर घाबरू नका, बऱ्याच प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगा तशाच बनवलेल्या असतात.

७. भाऊ, मूळ स्प्रिंगचा एक वेढा कटरने कापला तर काय बिघडते? खर्च तर काहीच नाही.

कापल्याने स्प्रिंग कडक होते हे खरं. सहा कामाच्या वेढ्यांतला एक गेला तर २० टक्के. बिघडतं ते दुसरीकडे.

मूळ स्प्रिंगचं टोक बशीच्या (स्प्रिंग टेकते त्या ताटलीच्या) खाचेत बसेल असं वळवलेलं असतं. कापलेलं टोक तिथे बसत नाही. बशीच्या रबरात रुततं, स्प्रिंग वाकडी उभी राहते आणि शॉकअपच्या रॉडवर आडवा जोर येतो. आडव्या जोराने सील एका बाजूने झिजतं आणि तेल गळतं. शिवाय चाक लोंबकळलं की आखूड स्प्रिंग सैल होते. खड्ड्यातून चाक परत येताना ती टोकावर आदळते किंवा जागच सोडते. मागे स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी बसवलेली असेल तर ती चक्क निघून पडू शकते.

गॅसने तापवून स्प्रिंग 'बसवणं' याहून वाईट. पोलादाचं पाणी उतरतं, ती रोज थोडी थोडी बसत जाते, आणि चारही कोपरे चार उंचीला येतात. तापवलेली स्प्रिंग परत कामाची होत नाही.

नवी लोअरिंग स्प्रिंगसुद्धा सैल राहते का, हे तपासायचं. मागची दोन्ही चाकं एकदम जॅकवर घेऊन लोंबकळू द्या (एकच उचललं तर बीम त्याला पूर्ण खाली जाऊ देत नाही), गाडी स्टँडवर टेका आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघा. फिरली तर ती स्प्रिंग त्या शॉकअपसाठी नाही.

८. बंप स्टॉप कापून जागा वाढवता येते का?

काही किटच्या सूचनापत्रात किती मिमी कापायचं ते दिलेलं असतं. तेवढंच कापा. पत्रात काही नसेल तर हात लावू नका.

बंप स्टॉप आवाज कमी करायला दिलेला नाही. पूर्ण दबल्यावर तो जितका जाड उरतो, तेवढ्यावर रॉड थांबतो आणि पिस्टन तळापासून दूर राहतो. ती जाडी कापली की पिस्टनचं रक्षण गेलं. कापायचाच असेल तर निमुळतं टोक राखून जाड बाजूने कापतात, कारण पहिला धक्का मऊ टोकाने घ्यायचा असतो. पण काही गाड्यांत जाड बाजूलाच तो अडकण्याची खाच असते. ती गेली तर बंप स्टॉप रॉडवर सैल नाचतो. तसं दिसलं तर किटसोबतचा आखूड बंप स्टॉपच घ्या.

जुना बंप स्टॉप दाबून बघा. पाच-सहा उन्हाळ्यांनंतर फोमचे बरेच बंप स्टॉप हातात चुरा होतात. नवे काही फार महाग नसतात.

९. गाडी ७० हजार किमी चालली आहे. शॉकअप गळत नाहीत. चालतील ना?

बहुतेक नाही. शॉकअप गळण्याच्या आधी कमजोर होतो. प्रश्न ५ मधली १५ टक्क्यांची शिल्लक ७० हजार किमीनंतर उरलेली नसते. त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तेल पातळ होतं आणि उरलासुरला दम कमी होतो. आणखी एक गोष्ट: इतकी वर्षं पिस्टन नळीच्या एका पट्ट्यात घासत आला. उंची बदलली की तो ३० मिमी खाली, न घासलेल्या भागात काम करू लागतो. पिस्टनवरची झिजलेली पट्टी नव्या जागी नीट बसेलच असं नाही.

५० हजारांच्या पुढे गेलेल्या गाडीला स्प्रिंगसोबत नवे शॉकअप घ्या. मजुरी एकदाच लागते, स्ट्रट तसाही खोलायचाच असतो. आणि नवे घ्यायचेच तर लोअर उंचीचे घ्या. बिल्स्टाईन या शॉकअप कंपनीचं उदाहरण घ्या: बी६ मूळ उंचीच्या गाडीसाठी, बी८ आखूड, लोअरिंग स्प्रिंगसाठी.

१०. बाहेरच्या देशातून मागवलेली किट, 'वजा ३०' लिहिलेली, भारतीय गाडीला चालेल का?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. स्प्रिंग कंपनी आयबाख असो की एच अँड आर, 'वजा ३०' हे त्या बाजारातल्या गाडीच्या उंचीपासून मोजलेलं असतं. आपल्याकडे कंपन्या अनेक मॉडेल खास उंच करून विकतात. तुमची गाडी तिथल्यापेक्षा १५ मिमी उंच असेल, तर तीच स्प्रिंग तुम्हाला ४५ मिमी खाली आणेल, आणि प्रश्न ३ चा सगळा हिशेब कोसळेल.

दुसरं, स्प्रिंग ॲक्सलच्या कमाल भारानुसार विकली जाते. डिझेल इंजिन जड, पेट्रोल हलकं. एकाची स्प्रिंग दुसऱ्याला लावली की नाक वर किंवा खाली राहतं. किटच्या कागदावरचा ॲक्सल भार आणि गाडीच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला भार जुळवून बघा. स्प्रिंगवर छापलेला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एक नसेल तर माल परत करा.

११. माझी गाडी सीएनजी आहे.

मागची लोअर करू नका. डिकीतली ६० लिटरची पोलादी टाकी रिकामीच पन्नास-साठ किलोची असते आणि ती कायम मागे बसलेली. मागचा शॉकअप आधीच खाली दबून काम करतो. वाटल्यास प्रश्न ४ चं माप टाकीसकट घ्या, उत्तर तिथेच मिळेल.

१२. मग फक्त पुढच्या दोन बदलल्या तर?

नको. नाक खाली जातं, हेडलाइट जमिनीकडे बघतात, आणि पुढे-मागे कडकपणाचं गणित मोडतं. चारही किंवा एकही नाही.

१३. बसवताना मिस्त्री कुठे चुकतो?

चार ठिकाणी, आणि चौघांचा फटका शॉकअपलाच.

वरचा नट इम्पॅक्ट गनने फिरवणं. रॉड आत गरगर फिरतो आणि पिस्टनची पट्टी व सील खराब होतं. रिंग पान्याने नट आणि ॲलन कीने रॉड धरून हातानेच आवळायचा.

रॉड पक्कडीत धरणं. क्रोमवर बारीकसा ओरखडा पडला तरी प्रत्येक फेरीला तो सील कापतो. पंधरवड्यात तेल दिसायला लागतं.

स्प्रिंगचं टोक खाचेत न बसवणं. परिणाम प्रश्न ७ सारखाच.

लोअर आर्म आणि बीमचे बुश चाकं लोंबकळत असताना आवळणं. रबर त्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली उतरली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवायची, हलवायची, मग टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळायचे.

आणि स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय स्ट्रट खोलू देऊ नका. दोरी आणि लोखंडी पट्टीच्या जुगाडात दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो.

१४. व्हील अलाइनमेंट लगेच करू का?

टो (चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) लगेच ढोबळ जुळवून घ्या, नाहीतर टायर कडेने लवकर झिजतील. पक्कं अलाइनमेंट २०० ते ३०० किमी चालवून, स्प्रिंग बसल्यावर. त्याच दिवशी हेडलाइटची उंचीही लावा.

१५. नागपूरच्या रस्त्यांवर ३० मिमी खाली गाडी चालते का?

गणिताने बघा. गाडी जमिनीपासून १६५ मिमी असेल तर ३० मिमीनंतर १३५. भारतीय मानकाचा गोल गतिरोधक १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. २.४५ मीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) गाडी त्यावर मधोमध आली की तो पोटाखालची फक्त ४४ मिमी जागा खातो. ९१ शिल्लक, काही प्रश्न नाही.

पण वस्तीतला, रात्रीतून उभा केलेला अर्धा मीटर रुंद आणि १५० मिमी उंच ढिगारा पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे पूर्ण १५० मागतो. तिथे १३५ ची गाडी पोटावर टेकते, माणसं भरलेली असोत की नसोत. तिरपं घेऊन, एकेक चाक चढवून थोडं निभावतं.

दुसरी अडचण सिमेंट रस्त्यांची. रस्ता वर आला, घरं खाली राहिली, आणि फाटकापुढे तीव्र उतार तयार झाला. रोज तिथून नाक घासत असेल तर ३० ऐवजी २० मिमीची स्प्रिंग शोधा, किंवा विचार सोडा. बेसमेंट पार्किंगच्या रॅम्पचा वरचा कोपरा हीच गोष्ट, तोही आधी मोजा. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा किती खोल ते दिसत नाही, आणि लोअर गाडीचा शॉकअप बहुधा जुलै-ऑगस्टमध्येच जातो.

१६. स्प्रिंग लावल्यापासून स्टिअरिंग वळवताना 'टण्ण' आवाज येतो. शॉकअप गेला का?

शॉकअप नाही. स्प्रिंग बशीत अडकून एकदम सुटते आहे: टोक खाचेबाहेर आहे किंवा स्ट्रट माउंटचं बेअरिंग जॅम आहे. गतिरोधकावर 'टक' येत असेल तर वरचा नट आणि लिंक रॉड बघा. शॉकअप गेल्याची खूण वेगळी: ओला, धूळ चिकटलेला बाहेरचा नळ, किंवा एका कोपऱ्यात न थांबणारी उसळी.

१७. बोलेरोला मागे लोअरिंग स्प्रिंग मिळेल का?

मागे पाट्यांची, म्हणजे लीफ स्प्रिंग आहे. हे पान कॉइल स्प्रिंगचं.

१८. आरटीओ, इन्शुरन्स, वॉरंटी?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकच लावला. कलम १८२अ नुसार, कायद्यात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'स्प्रिंगला सगळं चालतं' म्हणणारा दुकानदार तुमच्यासोबत आरटीओत येणार नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. सस्पेन्शनची वॉरंटी गेली असं धरूनच चाला.

१९. जुन्या स्प्रिंगा भंगारात देऊ का?

देऊ नका. डावी-उजवी, पुढची-मागची अशा खुणा रंगाने करा, वरखालची रबरं सोबत बांधा आणि तेलाचा हात देऊन कोरड्या जागी ठेवा. गाडी विकताना, किंवा पहिल्याच पावसाळ्यात मन बदललं तर, त्याच चार स्प्रिंगा परत लागतात. परत चढवतानाही प्रश्न १३ आणि १४ मधलं सगळं पुन्हा करावं लागतं.